वादीही डॉक्टर, प्रतिवादीही डॉक्टर

वैद्यकीय हलगर्जीपणाचं विचारायला माणसं येतात तेव्हा हातात बहुतेक वेळा निळी प्लॅस्टिकची फाईल असते आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "साहेब, चालत गेलेला माणूस होता हो." या वाक्यात दुःख सगळं आलं. दावा मात्र त्यात अजून कुठेच नाही. तो कुठे असतो हे सांगायला मी दर वेळी एकच जुना खटला काढतो. डॉ. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध डॉ. त्र्यंबक बापू गोडबोले. मामला पुण्यातलाच. वकिलीच्या पुस्तकांत त्याचं तात्पर्य चार ओळींत आटोपतात. पण शिकण्यासारखं आहे ते त्या चार ओळींच्या अलीकडे, घडलेल्या गोष्टीच्या तपशिलात.

६ मे १९५३. गुहागरजवळच्या पालशेतच्या किनाऱ्यावर, वाळूत, वीसेक वर्षांच्या एका मुलाला अपघात झाला आणि डाव्या मांडीचं हाड मोडलं. गावातल्या डॉक्टरांनी लाकडी पट्ट्या बांधून पाय स्थिर केला. वडील, म्हणजे डॉ. गोडबोले, स्वतः डॉक्टर, राहायला दौंडला. आईने आणि गावातल्या डॉक्टरांनी मुलाला टॅक्सीत घालून, घाट चढून पुण्याला आणलं. ताराचंद हॉस्पिटलात एक्स-रेखाली पाय पाहिला, तर मोडलेल्या हाडाची टोकं एकमेकांवर चढलेली. पिन घालून ट्रॅक्शन लावावं लागणार, म्हणजे पाय ताणून ठेवावा लागणार, असं तिथे सांगितलं. तिथून ९ मेला दुपारी सव्वादोनच्या सुमारास मुलगा डॉ. जोशींच्या हॉस्पिटलात दाखल झाला. डॉक्टर तेव्हा तिथे नव्हते. सहायक डॉक्टरांनी दाखल करून घेतलं.

पुढच्या सात तासांवर पंधरा वर्षं कोर्टबाजी झाली. मॉर्फिया आणि हायोसिन या वेदना दाबणाऱ्या, गुंगी आणणाऱ्या औषधांची दोन इंजेक्शनं तासाभराच्या अंतराने द्यायची सूचना होती. प्रत्यक्षात एकच दिलं गेलं. एक्स-रे काढले. मग मुलाला वरच्या मजल्यावर ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं आणि तासाभराहून थोडं अधिक तिथे ठेवून पायाला प्लास्टर घातलं. साडेपाचच्या सुमारास तो खोलीत आला. सातपर्यंत गुंगी उतरेल, असं सांगितल्यावर वडील दौंडला निघून गेले. आई थांबली. साडेसहाला तिच्या लक्षात आलं की मुलाला श्वास घ्यायला त्रास होतोय, खोकला येतोय. धावपळ झाली, डॉक्टर आले, तातडीचे उपचार सुरू झाले. रात्री नऊला मुलगा गेला.

मृत्यूच्या दाखल्यावर कारण पडलं फॅट एम्बॉलिझम, म्हणजे चरबी रक्तातून जाऊन अडकणं.

आता दोन्ही बाजूंचं म्हणणं शेजारी ठेवून पाहा. वडिलांचं म्हणणं असं: थिएटरमध्ये तीन माणसं लावून, जोर करून पाय ओढला, हाड बसवायचा प्रयत्न केला, आणि हे सगळं भूल न देता, नुसत्या मॉर्फियाच्या एका इंजेक्शनवर. त्या यातनेचा धक्का, म्हणजे वैद्यकीय अर्थाने शॉक, मुलाला झेपला नाही. डॉक्टरांचं म्हणणं असं: मी त्या दिवशी हाड बसवलंच नाही. लांबच्या प्रवासाने रुग्ण थकलेला होता, म्हणून हाड बसवणं पुढे ढकललं, हलका ताण देऊन पाय प्लास्टरमध्ये स्थिर केला, बस. मृत्यू झाला तो फॅट एम्बॉलिझमने, आणि त्यावर माझा काय इलाज?

हा बचाव ऐकायला पोकळ नाही, आणि म्हणूनच हा खटला मला शिकवण्याजोगा वाटतो. मांडीच्या हाडासारखं मोठं हाड मोडलं की मज्जेतली चरबी रक्तात उतरून फुप्फुसात अडकू शकते. असं झालं तर ते बहुधा इजेनंतर एक ते तीन दिवसांत दिसतं आणि श्वास लागणं हे त्याचं ठळक लक्षण. इजा ६ तारखेची, मृत्यू ९ तारखेचा, आणि आईने पाहिलेलं पहिलं लक्षण श्वासाचंच. तारखा डॉक्टरांच्या बाजूने जुळत होत्या. निळी फाईल घेऊन येणाऱ्याला मी हे मुद्दाम ऐकवतो. समोरच्या बाजूला नेहमी एक असं कारण असतं जे पाठ्यपुस्तकात सापडतं, तुमच्या माणसाच्या लक्षणांशी जुळतं आणि ज्यात कुणाची चूक नसते. गुंतागुंत, दुसरं काय. दावा जिंकायचा म्हणजे त्या कारणापेक्षा तुमचं कारण जास्त संभवनीय आहे हे दाखवायचं. दिवाणी दाव्यात आणि ग्राहक आयोगात फौजदारीसारखं संशयातीत सिद्ध करावं लागत नाही. तराजू तुमच्या बाजूला झुकला तरी पुरे. पण तो झुकवायचा पुराव्याने.

इथे तो झुकला. पहिल्या कोर्टाने वडिलांची बाजू मान्य करून ३,००० रुपये नुकसानभरपाई दिली. मुंबई उच्च न्यायालयानेही तेच धरलं: भूल न देता हाड बसवलं, तीन माणसांकरवी पाय ओढताना वाजवीपेक्षा जास्त जोर लावला, त्यातून शॉक बसला, आणि फॅट एम्बॉलिझम हे खरं कारण झाकायला पुढे केलेलं पांघरूण. डॉक्टर सर्वोच्च न्यायालयात गेले. २ मे १९६८ ला तिथेही अपील फेटाळलं गेलं.

निकालातलं जे वाक्य पुढच्या प्रत्येक खटल्यात उद्धृत होतं, ते डॉक्टरच्या तीन कर्तव्यांबद्दलचं. रुग्ण हाती घ्यायचा की नाही हे ठरवताना काळजी, कोणता उपचार द्यायचा हे ठरवताना काळजी, आणि तो उपचार प्रत्यक्ष देताना काळजी. यांपैकी एक जरी चुकलं तरी रुग्णाला दाद मागता येते. पण लगेच पुढे असंही आहे की कौशल्य अगदी शिखरावरचं अपेक्षित नाही, अगदी तळाचंही चालणार नाही, वाजवी हवं. आणि उपचार कोणता निवडायचा याला डॉक्टरला मोकळीक आहे. म्हणजे डॉ. जोशींनी पिनऐवजी प्लास्टर निवडलं एवढ्यावर ते हरले नसते. हरले ते तिसऱ्या कर्तव्यावर, निवडलेली गोष्ट ज्या तऱ्हेने केली त्यावर. "दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की मी ऑपरेशन केलंच नसतं," हे घेऊन लोक येतात तेव्हा त्यांना निराश करावं लागतं ते यामुळे. दोन रीतसर पद्धतींपैकी एक निवडणं हा हलगर्जीपणा नाही, मग परिणाम कितीही वाईट होवो.

आता या खटल्यातली अशी गोष्ट जी तात्पर्यात येत नाही. बाप डॉक्टर होता. मॉर्फियाचं एक इंजेक्शन म्हणजे भूल नव्हे, हे त्याला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. मांडीचे स्नायू किती ताकदीचे असतात, ते सैल पडल्याशिवाय हाड ओढून बसवणं म्हणजे काय, हे त्याला ठाऊक होतं. दाखल्यावरचं कारण वाचून त्यातलं काय जुळतं आणि काय खटकतं, हे त्याला दिसलं. साधा शेतकरी किंवा कारकून असता तर त्याने "देवाची इच्छा" म्हणून दाखला खिशात घातला असता.

आणि हे एकदाच घडलेलं नाही. डॉ. कुणाल साहा यांचा खटला घ्या. पत्नीला अंगावर पुरळ आला म्हणून कोलकात्यात उपचार सुरू झाले, डेपोमेड्रॉल या स्टेरॉइडचा अतोनात डोस दिला गेला, टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस हा त्वचेचा भयंकर आजार बळावला. १९९८ च्या मे महिन्यात मुंबईत त्या गेल्या. साहा अमेरिकेत राहणारे, स्वतः डॉक्टर. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली जवळपास ५ कोटी ९६ लाख रुपये आणि वर व्याज दिलं. १९५३ ते १९६८ पंधरा वर्षं, १९९८ ते २०१३ पुन्हा पंधरा. रक्कम बदलली, काळ बदलला, दोन्ही वेळा वादी डॉक्टर. ग्राहक कायदा आल्याने न्याय झटपट मिळतो असं सांगणाऱ्याला मी या दोन वजाबाक्या करून दाखवतो.

डॉक्टर नसलेला माणूस सहज कुठे जिंकतो, तेही एका मराठी खटल्यात आहे. अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य. १९६३ च्या जुलैत औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात एका बाईंची प्रसूती झाली, तीन दिवसांनी नसबंदीची शस्त्रक्रिया. ताप उतरेना, पोट दुखायचं थांबेना. १९ तारखेला दुसऱ्या सर्जनने पोट उघडलं तेव्हा आत मॉप सापडला, म्हणजे रक्त टिपायचा कपडा. २४ जुलैला बाई गेल्या. पोटात राहिलेला कपडा काय सांगतो हे कळायला एमबीबीएस व्हावं लागत नाही, घटनाच बोलते. तरी उच्च न्यायालयात शासनाची सुटका झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली ती उलटवून ३६,००० रुपयांचा हुकूमनामा शासनाविरुद्ध कायम केला. तेहतीस वर्षं.

तर एका टोकाला पोटातला मॉप आणि दुसऱ्या टोकाला वादीच डॉक्टर. येणाऱ्या माणसांपैकी बहुतेक या दोन टोकांच्या मधल्या मोठ्या पट्ट्यात असतात. मॉप नाही, आणि घरात डॉक्टरही नाही. अशा वेळी वकिलाचं पहिलं काम कोर्टात उभं राहण्याचं नसतं. गोडबोले बापाने जे डोळे आणले ते भाड्याने का होईना मिळवणं, हे पहिलं काम. म्हणजे कागद जमवणं आणि त्याच शाखेच्या, त्या हॉस्पिटलशी संबंध नसलेल्या डॉक्टरकडून ते वाचून घेणं.

आणि कागद म्हणजे डिस्चार्ज कार्ड नव्हे. डिस्चार्ज कार्ड हा हॉस्पिटलने स्वतःच्या कारभाराचा लिहिलेला सारांश. त्यात सगळं सुरळीतच असतं. हवे असतात ते इनडोअर केस पेपर. त्यात भूलतज्ज्ञाचा चार्ट, जिथे दर पाच मिनिटांना नाडी आणि रक्तदाब टिपलेला असतो. नर्सिंग नोट्स, ज्यात रात्री अडीचला "नातेवाईक सांगतात पेशंट अस्वस्थ, डॉक्टरांना फोन केला" अशी एक घाईत लिहिलेली ओळ असते आणि पुढची नोंद थेट सव्वाचारची. औषधांचा तक्ता, जिथे लिहून दिलेला डोस एका रकान्यात आणि दिल्याची सही दुसऱ्या रकान्यात. दोन सांगितली आणि एकच दिलं, हे गोडबोले प्रकरणात ज्या जातीच्या तपशिलातून कळतं, तो आज याच रकान्यांत मिळतो. संमतीपत्रही पाहायचं: त्यावर ऑपरेशनचं नाव छापील जागेत भरलंय की सही घेतल्यावर वेगळ्या शाईने?

हे कागद मागणं हा हक्क आहे. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात, आणि उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं त्या जपाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ सालीच रुग्णाला नोंदी द्याव्यात असं बजावलं होतं. मागणी लेखी करा, पोच घ्या. "रेकॉर्ड सेक्शनचे साहेब रजेवर आहेत" हे उत्तर तिसऱ्यांदा मिळालं की वकिलाकडे जायची वेळ झाली, त्याआधी आलात तर मीही आधी हाच अर्ज लिहायला सांगणार.

मृत्यू संशयास्पद वाटत असेल तर शवविच्छेदन. त्या क्षणी घरच्यांना ते नको असतं, मला कळतं. पण फॅट एम्बॉलिझम की शॉक, असा वाद पुढे रंगणार असेल तर तो मिटवायची सगळ्यात चांगली संधी त्या एका रात्रीतच असते.

जायचं कुठे, हा पुढचा प्रश्न; आणि लोक सर्वात आधी पोलीस चौकीत जातात, ही चूक. जेकब मॅथ्यू खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलं की फौजदारी गुन्ह्यासाठी साधा निष्काळजीपणा पुरत नाही, घोर लागतो; आणि पोलिसांनी पुढे जाण्याआधी त्या शाखेच्या तटस्थ, शक्यतो सरकारी, डॉक्टरचं मत घ्यावं. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये नोंदणीकृत डॉक्टरसाठी कमाल दोन वर्षांची शिक्षा आहे. असं मत देणाऱ्या डॉक्टरांच्या समितीने "निष्काळजीपणा आढळत नाही" असं लिहून दिलं की ते पत्र सामनेवाले ग्राहक आयोगात फडकवतात. कायद्याने ते शेवटचा शब्द नाही, पण तुमची पहिली सहा महिन्यांची धाव तुमच्याच विरुद्धचा कागद तयार करण्यात गेलेली असते. आणि काचा फोडणं तर सोडूनच द्या. महाराष्ट्रात २०१० पासून त्याचा वेगळा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद, अजामीनपात्र, वर नुकसानीच्या दुप्पट भरपाई. हॉस्पिटलचा वकील त्याच्याइतका खूश कशानेच होत नाही.

पैसे देऊन उपचार घेतले असतील तर ग्राहक आयोग. १९९५ च्या शांता निकालाने डॉक्टर ग्राहक कायद्यात आले. २०१९ च्या नव्या कायद्यात आरोग्यसेवा हा शब्द व्याख्येत दिसत नाही म्हणून डॉक्टर सुटले, अशी आवई उठली होती. मुंबई उच्च न्यायालयाने ती २०२१ मध्ये मोडीत काढली. (२०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकिलांना मात्र या कायद्याच्या बाहेर ठेवलं. माझ्याकडे येणाऱ्याला हेही ठाऊक असावं.) तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते, हॉस्पिटल कुठेही असो. कोणता आयोग हे तुम्ही किती भरपाई मागता यावर ठरत नाही, तुम्ही हॉस्पिटलला किती पैसे दिले यावर ठरतं. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग. पाच लाखांपर्यंत बिल असेल तर फी शून्य. मृत्यूच्या किंवा गंभीर इजेच्या प्रकरणांत मध्यस्थीला पाठवता येत नाही, तेव्हा "मेडिएशनमध्ये मिटवू" असं कुणी म्हणालं तर तो नियम त्याला दाखवा.

जिथे सगळ्यांनाच उपचार मोफत असतात अशा सरकारी रुग्णालयाविरुद्ध ग्राहक आयोग चालत नाही. तिथे खोडवांचा रस्ता, दिवाणी दावा. डॉक्टरच्या परवान्याबद्दल तक्रार असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल. तिथे डॉक्टरचं नाव काही काळ नोंदवहीतून काढलं जाऊ शकतं, तुम्हाला रुपया मिळत नाही.

तज्ज्ञाचं मत प्रत्येक प्रकरणात लागतंच असं नाही. व्ही. किशन राव खटल्यात हिवताप असताना टायफॉइडचे उपचार चालले होते; तिथे २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने सरसकट तज्ज्ञ मागू नका असं सांगितलं. पण हे वाक्य वाचून तज्ज्ञाचा खर्च वाचवायला जाऊ नका. भूल, हृदय, मेंदू, अकाली जन्मलेलं बाळ, अशा बाबतीत मताशिवाय केलेली तक्रार समोरच्याच्या "गुंतागुंत" या एका शब्दावर कोलमडते.

वकिलाकडे थेट, त्याच आठवड्यात यायच्या वेळा थोड्या आहेत. हॉस्पिटल काही रक्कम देऊ करतंय आणि "आमची काही तक्रार नाही" अशा कागदावर सही मागतंय. पोलिसांकडून जबाबाचं बोलावणं आलंय. बाळाला कायमचं अपंगत्व आलंय, ज्याचा खर्च चाळीस-पन्नास वर्षांचा मांडावा लागेल. थकलेल्या बिलाची नोटीस आलीय. आणि सर्वात मोठी वेळ म्हणजे मुदत. ग्राहक आयोगात ती दोन वर्षांची आहे. उशीर माफ होऊ शकतो, पण सबळ कारण लागतं, आणि "वर्षभर कौन्सिलच्या निकालाची वाट पाहिली" हे कारण दर वेळी पुरतं असं नाही. पंधरा दिवस उरलेले असताना फाईल आली तर तज्ज्ञ शोधायला वेळ राहत नाही. मग तक्रार घाईत जाते आणि घाईत गेलेल्या तक्रारीतली चूक पाच वर्षांनी उलटतपासणीत सापडते.

वकिलाकडे आलात तर त्यालाही दोन प्रश्न विचारा. अशी किती प्रकरणं शेवटपर्यंत चालवली, आणि कागद कोणत्या डॉक्टरला दाखवणार. "शंभर टक्के जिंकू" म्हणणाऱ्याकडे फाईल ठेवून येऊ नका. मी कित्येकांना परत पाठवतो. उद्धट वागणूक, फुगवलेलं बिल, कुणी नीट न सांगणं, यांचा राग खरा असतो, पण तो मृत्यूला जबाबदार धरायला पुरत नाही. बिलाची तक्रार वेगळी करता येते, ती करावी.

ज्यांना थांबवून घेतो त्यांना पहिल्या दिवशी एक काम देतो. कोऱ्या कागदावर दोन रकाने पाडा, डावीकडे वेळ, उजवीकडे काय पाहिलं. ऐकलेलं नाही, पाहिलेलं. गोडबोले प्रकरणात कुणी असा कागद लिहिला होता की नाही कोण जाणे, पण लिहिला असता तर तो असा दिसला असता: सव्वादोन, दाखल. साडेपाच, खोलीत आणलं. साडेसहा, श्वास लागला. नऊ. आई असते खोलीत, बाप नाही. म्हणून कागद तिने लिहायचा. आणि पहिल्या आठवड्यात लिहायचा, कारण दोन वर्षांनी आठवून लिहिलेल्या कागदावर सामनेवाल्यांचा वकील पहिला प्रश्न हाच टाकतो: "बाई, हे तुम्ही कधी लिहिलंत?"